नानांचा आकडा, अक्कांचा घास

आज सकाळी मी भर गल्लीत खोकलो आणि कोणीही वळून पाहिलं नाही.

साधासुधा खोकला नव्हता हो. पोटातून निघालेला, भिंतीवर आपटून परत येणारा, नाटकातल्या म्हाताऱ्याला शोभेल असा भरदार खोकला होता. आमच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्यांचा घाटा चढला होता, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा पडला आणि तो ठसका थेट खाली येऊन माझ्या घशात शिरला. मी खोकलो, शिंकलो, डोळे पुसले, पुन्हा खोकलो. समोरून दूधवाला गेला, त्याने फक्त हॉर्न वाजवला. कापडवाले पारसभाऊ दुकानाचं शटर वर करत होते, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मला इतका आनंद झाला की गरज नसताना मी आणखी एकदा खोकलो.

यात आनंद कसला, असं कोणाला वाटत असेल तर त्याने कोरोनाचा दुसरा उन्हाळा आठवावा. तेव्हा नुसता घसा खाकरला तरी समोरच्या खिडक्या बंद व्हायच्या. मला एकदा भाजीवाल्यापाशी शिंक आली. मी ती नाकात दाबली, डोक्यात दाबली, पाठीच्या कण्यापर्यंत नेली. तरी शेवटी ती आलीच. क्षणात भाजीची गाडी माझ्या एकट्याची झाली. भाजीवालासुद्धा पळाला होता. मी शांतपणे गवार निवडली. आयुष्यात इतकी कोवळी गवार मी ना आधी आणली, ना नंतर.

त्या दिवसांत काय काय धुतलं आपण! दुधाच्या पिशव्या धुतल्या, दाराच्या कड्या धुतल्या, कोथिंबिरीला आंघोळ घातली. आमच्या घरी केळीचा अख्खा घड न्हाणीघरात टांगलेला असायचा. दुसरीकडे मास्क मात्र हनुवटीवर, आणि बोलताना तोही खाली ओढायचा, कारण त्याच्याआडून आवाज नीट येत नाही! पारसभाऊंनी दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर हाती घेतला होता. गिऱ्हाईक जवळ आलं की ते मीटरचं टोक त्याच्या पोटाला लावायचे. "भाईसाहेब, हे एक मीटर झालं. अजून एक मीटर मागे, मग बोला काय दाखवू." त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तो मीटर कापडावर चालला. माणसांवर पहिल्यांदाच चालला आणि, मी साक्षीला आहे, एक तसूही कमी भरला नाही.

माझा स्वतःचा धंदा सूत्रसंचालनाचा. लग्नं, सत्कार, शाळांची संमेलनं. त्या काळात सगळं बंद. माईक कपाटात, शेरवानी पेटीत आणि मी ओट्यावर. पण गल्लीला सूत्रसंचालकाची उणीव भासली नाही, कारण नाना होते.

नाना मूळचे रावेरकडचे केळीवाले. बाग आता मुलगा इथून जाऊन-येऊन सांभाळतो, नाना जळगावात राहून ओट्यावरून भाव सांभाळतात. केळीचा भाव रोज जाहीर होतो आणि नाना तो गल्लीला रोज ऐकवतात, गल्लीत कोणाकडे केळीचं पानसुद्धा नसताना. त्या उन्हाळ्यात केळीच्या भावामागोमाग कोरोनाचा आकडा येऊ लागला. तोही त्याच फोनवर, त्याच संध्याकाळी, तालुक्यावार. "आज किती?" असं स्वतःच विचारून नानांनी तो त्याच आवाजात वाचायला घेतला. "भुसावळ... चढला! चाळीसगाव... चढला! पारोळा... जागेवर!" दारादारांत माणसं उभी. कोणी "अरे देवा" म्हणायचं, कोणी उगाच मान डोलवायचं, जणू आपल्याला हे कालच कळलं होतं.

आकडा संपला की माझा फोन वाजायचा. माझा साडू धुळ्याचा. त्याला दोन जिल्ह्यांची मॅचच चालू आहे असं वाटायचं.

"काय दादा, तुमनं जळगाव चढी ऱ्हायनं! आमनं धुळं आज खाले शे."

"खाली असणारच," मी म्हणायचो. "तुमच्याकडे तपासायला माणूस सापडला तर आकडा वर जाईल ना."

"जळी ऱ्हायनात, जळी ऱ्हायनात!" तो खूश होऊन फोन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी धुळं वर गेलं की त्याचा फोन यायचा नाही. मग मी लावायचो.

हसू येतं आता. तेव्हाही येत होतं, खोटं कशाला बोलू? त्याशिवाय त्या संध्याकाळी गेल्या नसत्या. मागच्या गल्लीतून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की नानांचं वाचन अर्ध्यावर थांबायचं. कडुलिंबाची वाळकी पानं रस्त्यावर सरकत जायची, तेवढा आवाज. मी मुद्दाम इथे एकही आकडा लिहिलेला नाही, कारण मला तो एकही आठवत नाही. आकडा ऐकणारी तोंडं मात्र आठवतात, दिव्याच्या उजेडात वर केलेली.

आणि त्या सगळ्या तोंडांमध्ये आम्हाला काळजी होती ती एकाच तोंडाची. अक्कांच्या.

अक्का आमच्या समोर राहतात. आमच्या दोन घरांमध्ये एक बोळ आहे, इतका अरुंद की त्यातून रिक्षा जाते पण आरसे दुमडून. अक्कांचं माहेर पारोळ्याचं, बोली अजून तिकडचीच. जुना दमा. धूळ उडाली तरी त्यांच्या छातीतून शिट्टी वाजते. डॉक्टरांनी घरच्यांना आधीच बजावलं होतं, हा आजार अक्कांपर्यंत पोचू देऊ नका, त्यांना तो झेपायचा नाही. म्हणून आदला, पहिला सबंध उन्हाळा त्यांना घरात ठेवलेलं. त्या वर्षी गल्लीत बिबडे झालेच नव्हते.

हे वाक्य तुम्ही सहज वाचलंत, पण खानदेशात ते सहज लिहिता येत नाही. आमच्याकडे होळी झाली की ज्वारी भिजते. भिजते, कांडली जाते, भरडली जाते, आणि मोठ्या पातेल्यात तिचा घाटा रटरटू लागतो. जिरं, तीळ, लसूण, मिरची. मग ओल्या कापडावर ओल्या हाताने पातळ गोल थापायचे आणि उन्हाच्या हवाली करायचे. वाळले की बिबडे. पण बिबडे ही पुढची गोष्ट. खरा सोहळा असतो तो गरम घाट्याचा. आमच्या गल्लीची रीत अशी की घाटा कोणाच्याही घरचा असो, तो शिजायचा अक्कांच्या अंगणात. पहिला घास अक्कांचा. त्यांनी मान हलवली की एक मोठी परात मध्ये यायची, घाट्याच्या डोंगरात तेलाचं तळं व्हायचं आणि सगळे तिच्याभोवती गोल बसायचे. एकाच परातीत, खांद्याला खांदा लावून. अक्कांच्या उजव्या हाताला नाना, हीही ठरलेली जागा.

बंद घरातल्या त्या वर्षात अक्का बदलल्या. आधी भांडेनाशा झाल्या. मग जेवण निम्म्यावर आलं. दुसरा उन्हाळा लागला तेव्हा खिडकीत बसून त्या एकच विचारायच्या, "औंदा बी नही का?" त्यांच्या छातीची भीती होतीच, आता त्यांच्या जिवाचीही वाटू लागली. माझी बायको शोभा म्हणाली, "आजार लागू नये म्हणून कोंडलं त्यांना, आणि त्या कोंडूनच संपतील."

अशात एका संध्याकाळी नाना ओट्यावर उभे राहिले, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि गरजले, "जळगाव... पडला!"

आकडा खरंच थोडा उतरला होता. टाळ्या झाल्या. पण नाना तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आन् ऐका बापा! हा झाला जाहीर आकडा. आता मले सांगा, केळीचा जाहीर भाव कधी हातात पडतो का? बांधावर गाडी आली की व्यापारी दहा खोड्या काढतो आन् भाव खाली. सारी जिंदगी मी पाह्यलं, जाहीर मोठा, खरा लहान. मंग कोरोनाचं काय येगळं आहे? जेवढा सांगतात, त्याच्याहून कमीच असन! गुरुवारी अक्काच्या अंगणात घाटा लावू."

बघा, याला म्हणतात रावेरचं डोकं. अख्ख्या देशात आकड्यांवर तज्ज्ञ बोलत होते, पण हा हिशोब फक्त केळीच्या बागेतच पिकू शकतो. आणि गंमत म्हणजे तो गल्लीला शंभर टक्के पटला. पारसभाऊंनी बिबडे थापायला नवं मांजरपाट द्यायचं कबूल केलं. मी तर माईक कपाटातून काढून पुसायलाही घेतला.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली.

"नाना," अक्का म्हणाल्या, "केळं लोके इकाले ठेवतस. आजार कोनी इकाले ठेवस का?"

नानांचा फोन खाली आला.

"भाव सांगनारा फुगाडीसन सांगस. आजार सांगनारा दपाडीसन सांगस."

दपाडणं म्हणजे आमच्याकडे लपवणं. अक्कांना दम लागला, त्या थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "तुना आकडा खोटा नही रे. अर्धा शे."

खिडकी बंद झाली. मी माईक पुन्हा कपाटात ठेवला. खरंच की! तापाला 'ऊन लागलं' म्हणणारे, खोकल्याला 'धूळ गेली' म्हणणारे, तपासणीचं नाव काढलं की मामाच्या गावी जाणारे, हे सगळे आमच्याच ओळखीचे होते. त्यांतला एकही नानांच्या फोनमध्ये नव्हता.

ज्या बाईसाठी हा घाट घातला, तिनेच तो मोडला होता. स्वतःच्या ताटातला घास तिने स्वतः मागे सारला. आम्ही सगळे आपापल्या घरात गेलो.

पण शोभाच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर उभी राहून बोळाकडे बघत होती, एखाद्या इंजिनियरसारखी. मग तिने मला कोपऱ्यातली लांब काठी आणायला सांगितली, आंबे उतरवायची, टोकाला जाळी लावलेली.

"पुरेल का बघा."

"कुठे?"

"अक्कांच्या गच्चीपर्यंत हो!"

तिचं म्हणणं सरळ होतं. दुधाची पिशवी धुऊन काही होत नाही, भीती आहे ती एकमेकांच्या श्वासाची, कोंडलेल्या जागेची. मग अंगण सोडा, गच्च्या घ्या. ज्याची त्याची गच्ची, ज्याचं त्याचं कापड, वर उघडं आभाळ. घाटा आपल्या गच्चीवर शिजेल, भरलेली भांडी दोरीने खाली सोडू, प्रत्येक घर आपापलं भांडं दोरीने वर ओढून घेईल. आणि पहिला घास काठीवरून बोळ ओलांडेल.

गुरुवारी ऊन चढायच्या आत आमच्या गल्लीने जो देखावा पाहिला, तसा जळगावने पाहिला नसेल. प्रत्येक गच्चीवर माणसं. एरवी जिने चढायला कुरकुरणारी मंडळी डोक्याला पंचे बांधून कठड्याला टेकलेली. नाना त्यांच्या गच्चीवर, गल्लीच्या तोंडाशी, एकटेच, उपरणं गळ्याशी घट्ट गुंडाळून. पारसभाऊ खाली दुकानाच्या दारात, हातात मीटर. धुळ्याचा साडू माझ्या मुलीच्या फोनमधून बघत होता. बायकांच्या कानगोष्टी या गच्चीवरून त्या गच्चीवर ओरडून चालल्या होत्या, त्यामुळे कोणाची सून काय बोलली हे त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळलं. आणि समोर, वर्षभरानंतर उघड्यावर आलेल्या अक्का, खुर्चीत, नव्या लुगड्यात, पदर नाकावर घेतलेला.

मी माईक चालू केला. "रसिकहो! आपल्या गल्लीच्या इतिहासात प्रथमच..."

"आधी काठी धरा!" शोभा म्हणाली.

वाटीत घाटा, मध्ये खळगं, त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल. वाटी जाळीत. काठी कठड्यावर टेकवून मी हळूहळू पुढे सरकवू लागलो, एका हातात काठी, एका हातात माईक. बोळाच्या मध्यावर काठी वाकली. जाळी डावीकडे झुकली, वाटी कलली आणि घाटा तेलासकट खाली उभ्या असलेल्या पारसभाऊंच्या स्कूटरच्या सीटवर सांडला.

"भाईसाहेब!" खालून आवाज आला. "दोन मीटर बाजूला!"

फोनमधून साडू ओरडला, "जळगावना पयला घास स्कूटरले!"

गच्च्यांवर हशा फुटला. कितीतरी दिवसांनी गल्ली अशी मोठ्याने हसली. मी पाहिलं, समोर अक्काही हसत होत्या. छातीतून शिट्टी वाजत होती आणि त्या हसतच होत्या.

शोभाने माझ्या हातातला माईक काढून घेतला, तेवढ्याने निम्मं काम झालं. दुसरी वाटी दोन्ही हातांनी सरकवली. बोळ गेला. कठडा आला. अक्कांनी हात लांब केला, वाटी उचलली. पदर बाजूला करून त्यांनी एक बोट घाट्यात घातलं, तेलात फिरवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

मी पुष्कळ रंगमंच पाहिलेत. असा थांबा घेणारी नटी पाहिली नाही.

डोळे उघडले. हात वर गेला.

"मीठ कमी शे!"

जो गजर झाला! ताटं वाजली, पातेली वाजली. मीठ कमी असल्याचा एवढा आनंद कोणत्याही स्वयंपाकघरात कधी झाला नसेल. अक्का भांडल्या होत्या. अक्का परत आल्या होत्या. त्या दिवशी सगळ्या गच्च्यांवर पांढऱ्या कापडांवर बिबडे थापले गेले, आणि वर ऊन असं कडक, जणू तेही वर्षभर कामाशिवाय बसलं होतं.

त्यानंतर एक संध्याकाळ आली आणि आकडा आलाच नाही.

ओटा रिकामा होता. शोभाच्या लक्षात आलं आधी. "नाना दिसले नाहीत." मग नानांच्या सुनेने खिडकीतून सांगितलं: ताप आहे, तपासणी झाली, त्यांना दवाखान्यात नेतायत. ताप कधीपासून? ती रडायला लागली. घाट्याच्या दिवशी सकाळीच अंग कसकसत होतं, पण ते म्हणाले ऊन लागलंय, कोणाला सांगू नको, सण मोडेल.

मी गच्चीवर गेलो आणि समोरच्या अंगणाकडे पाहत राहिलो. मला तिथे परात दिसत होती. तिच्याभोवतीचं कडं दिसत होतं. अक्कांच्या उजव्या हाताची जागाही दिसत होती. माझ्या अंगावर काटा आला, त्या उन्हाळ्यात, भर जळगावात.

नाना दवाखान्यात असेपर्यंत गल्लीत जिल्ह्याचा आकडा कोणी वाचला नाही. साडूनेही धुळं-जळगाव काढलं नाही. रोज फोन करून एवढंच विचारायचा, "नाना कशा शेतस? घरना बठ्ठा बरा शेतस ना?" बठ्ठा म्हणजे सगळे. अक्का गच्चीवर येऊन बसायच्या, सगळ्यांपासून लांब, आणि ओट्याकडे बघायच्या. त्यांना काही झालं नाही. त्या गच्च्यांवरच्या कोणालाच काही झालं नाही. हे मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही, पण रोज सकाळी मनात माईक हातात घेऊन जाहीर करत होतो.

आणि नाना आले. रिक्षातून उतरले, निम्मे झालेले, सदरा अंगावर टांगल्यासारखा. गल्लीने गच्च्यांवरून ताटं वाजवली. नाना आमच्या बोळाशी थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.

"काय नाना," वरून अक्का म्हणाल्या, "आज भाव काय शे?"

नानांनी मास्क सारखा केला. आवाज बारीक निघत होता, तरी सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"अक्का, घाट्याच्या दिवशी आजारात मी होतो. पण आकड्यात नव्हतो."

अक्का कठड्याशी वाकल्या. मग म्हणाल्या, "आते आकडा पुरा व्हयना. जाय घर, आराम कर."

पुढे लस आमच्या गल्लीपर्यंत पोचली. अक्का ती घ्यायला अशा थाटात गेल्या की लसवाल्या ताईंनी आधी त्यांच्या लुगड्याची चौकशी केली. मग आकडे हळूहळू कमी झाले, मग बातम्यांच्या तळाशी गेले, मग दिसेनासे झाले. साडूचा फोन आता फक्त कांद्या-कापसावर असतो. पारसभाऊंचा मीटर पुन्हा कापड मोजतो. बोळ तेवढाच अरुंद आहे आणि मी आता मनसोक्त खोकतो.

आज पुन्हा घाटा चढला आहे. यंदा धुळ्याचा साडू फोनमध्ये नाही, सहकुटुंब आमच्या गच्चीवर आहे आणि चूल कशी लावावी हे सगळ्यांना सांगतो आहे. आता अक्कांकडे जायचं तर जिना आहे, दार उघडं आहे, परातही खाली अंगणात मांडलेली आहे. तरी पहिला घास काठीवरूनच जातो. अक्कांचा हट्ट. "काठीवर वना तरच चव लागस," म्हणतात. आणि काठी धरायचा मान नानांचा; तो त्यांनी कोणाला दिलेला नाही.

वाटी निघाली. मी माईक घेतला, शोभाने काढून घेतला. बोळ गेला, कठडा आला. अक्कांनी बोट बुडवलं, डोळे मिटले, छातीत बारीक शिट्टी वाजली, आणि हात वर झाला.

"मीठ कमी शे!"

दरवर्षी कमीच असतं. शोभा ते मुद्दाम कमी घालते, हे मला आजच कळलं.

मग सगळे खाली अंगणात उतरलो. पारसभाऊ आले, साडू आला, सुना आल्या, पोरं आली, परातीभोवती कडं वाढत गेलं. नाना अक्कांच्या उजव्या हाताला बसायला निघाले आणि सवयीने ओट्यावरच्या त्या आवाजात त्यांनी विचारलं, "अक्का, वाट्या काढतो. आज किती?"

एका उन्हाळ्यात हेच दोन शब्द ऐकायला आम्ही दारात येऊन उभे राहायचो.

अक्कांनी परातीवरून नजर फिरवली, एकेका तोंडावर थांबत, सावकाश.

"मोजस कायले?" त्या म्हणाल्या. "बस खाले. बठ्ठा शेतस."